गिरण्या आधी मुंबईत आल्या, मग बलवान जपान कसा झाला?

प्रश्न असा आहे: राजकीय बदल आणि औद्योगिकीकरण यांमुळे राष्ट्रे बलवान झाली असे आपण वाचतो, पण या दोहोंत आधी काय लागते? आणि जपानला चाळीस वर्षांत जे साधले, ते मुंबईत एवढ्या गिरण्या असूनही आपल्याला का साधले नाही?

मी तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात आर्थिक इतिहास शिकवला. त्यातली बरीच वर्षे मेजी काळातला (१८६८ नंतरच्या नव्या राजवटीतला) जपान आणि त्याच काळातली मुंबई असे दोन विषय एकाच सत्रात शिकवले. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण ते तारखांमध्ये दडलेले आहे.

आधी या तारखा पाहा. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. जपानची पहिली आगगाडी, टोकियोच्या शिम्बाशीहून योकोहामाला जाणारी, १८७२ ची. कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी १८५४ साली काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागले. जपानमधली पहिली यांत्रिक सूतगिरणी कागोशिमाला उभी राहिली ती १८६७ साली. पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला, तर टोकियोत स्कॉटिश अभियंता हेन्री डायर याच्या हाताखाली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू व्हायला १८७३ उजाडले. रूळ, चात्या (सूत कातणाऱ्या यंत्राचे फिरते दांडे), शिक्षण यांपैकी प्रत्येक गोष्टीत मुंबई-पुणे दहा ते वीस वर्षे पुढे होते. भांडवल आणि धाडस पारशी, भाटिया, गुजराती व्यापाऱ्यांकडे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार होता. कापूस तर आपल्याच वऱ्हाड-खानदेशचा. तरीही १९०५ साली रशियासारख्या साम्राज्याला हरवणारा देश जपान होता आणि आपण पारतंत्र्यात होतो.

म्हणून ‘आधी कारखाने, मग बळ’ हा क्रम मला मान्य नाही. सत्ता बदलली म्हणून जपानमध्ये लगेच कारखाने उभे राहिले असेही नाही. सत्ताबदलाने आधी तिजोरी उभी केली. कर कोणावर बसवायचा, तो कुठे खर्च करायचा आणि कोणत्या धंद्याला हात द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार एका जागी आणला. कारखान्यांचे बळ देशाला लागले ते त्यानंतर.

हे कसे घडले ते सांगतो. १८५३ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार जहाजे घेऊन उरागाच्या खाडीत आला. १८५८ च्या तहांनी जपानची बंदरे उघडली. परदेशी माणसाने जपानमध्ये गुन्हा केला तर त्याचा खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीत चालणार होता. आयातीवरची जकात तहानेच बांधून टाकली आणि १८६६ पासून ती साधारण पाच टक्क्यांवर आली. सम्राट नावापुरता होता; तोकुगावा हे शोगुनांचे, म्हणजे लष्करी सत्ताधीशांचे, घराणे १६०३ पासून राज्य करत होते, पण देश सुमारे २६० संस्थानांत वाटलेला होता. प्रत्येक संस्थानिकाची, म्हणजे दाइम्योची, स्वतःची फौज, स्वतःचा कर, पुष्कळदा स्वतःच्या कागदी नोटासुद्धा. अशा देशाला परक्यांपुढे एका आवाजात बोलणे शक्य नव्हते. सात्सुमा आणि चोशू या नैर्ऋत्येकडच्या दोन संस्थानांतल्या तरुण सामुराईंनी, म्हणजे वंशपरंपरागत लढवय्यांनी, पुढाकार घेतला, ३ जानेवारी १८६८ रोजी सम्राटाच्या नावाने सत्ता परत घेतल्याची घोषणा झाली आणि दीड वर्षाच्या यादवीनंतर जुनी राजवट संपली.

पाठ्यपुस्तके इथे थांबतात आणि एकदम कारखान्यांकडे वळतात. पण सर्वांत मोठी गोष्ट घडली तीन वर्षांनी. ऑगस्ट १८७१ मध्ये संस्थानिकांना टोकियोत बोलावून सांगण्यात आले की संस्थाने आजपासून संपली, त्यांच्या जागी जिल्हे आले आणि त्यांवर केंद्राने नेमलेले अधिकारी राहतील. त्याआधी सात्सुमा, चोशू आणि तोसा या संस्थानांच्या काही हजार सैनिकांची फौज राजधानीत आणून ठेवली होती, पण ती वापरावी लागली नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक संस्थानिक कर्जात बुडालेले होते. नव्या सरकारने त्यांची कर्जे अंगावर घेतली आणि त्यांना संस्थानाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा व्यक्तिगत नेमणूक म्हणून दिला. फौज पोसण्याचा भार गेला, कर्ज गेले आणि पैसा हातात राहिला. त्यांनी सत्ता सोडली ती देशप्रेमाने म्हणा किंवा हिशेबाने म्हणा. माझ्या मते हिशेबाचा वाटा मोठा होता आणि तो ओळखण्याची अक्कल नव्या राज्यकर्त्यांना होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस इवाकुरा तोमोमी याच्या नेतृत्वाखाली अर्धेअधिक सरकार अमेरिका आणि युरोप पाहायला निघाले. ओकुबो तोशिमिची, किदो ताकायोशी, इतो हिरोबुमी हे सगळे प्रमुख नेते त्यात होते आणि सोबत शिकायला निघालेली मुलेमुलीही होती. सगळ्यांत लहान त्सुदा उमेको, जेमतेम सात वर्षांची. पुढे तिने मुलींसाठी शाळा काढली, तिचेच आज त्सुदा विद्यापीठ झाले आहे. सत्ता हाती येऊन चार वर्षेही झाली नसताना राज्यकर्त्यांनी सुमारे पावणेदोन वर्षे परदेशात शिकण्यात घालवावीत, हे मला आजही विलक्षण वाटते.

आता तिजोरीकडे येऊ. जुना कर तांदळात दिला जाई, तो गावागावांत वेगळा असे आणि पीक बुडाले की तोही बुडे. १८७३ च्या जमीन महसूल सुधारणेने प्रत्येक तुकड्याची किंमत ठरवली, जमीनधारकाला मालकीचा दाखला दिला आणि किमतीच्या तीन टक्के कर रोख रकमेत लावला. पीक येवो न येवो, कर तेवढाच. सरकारच्या करउत्पन्नातला सुमारे चार पंचमांश भाग त्या दशकात या एकाच करातून येत होता. शाळा, सैन्य, तारायंत्रे, परदेशी तज्ज्ञांचे भरमसाट पगार, हे सगळे भातशेती करणाऱ्याने भरले. जपानच्या औद्योगिकीकरणाचे भांडवल कुठून आले असे कोणी विचारले की मी भाताच्या खाचरात उभ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा कर ओळखीचा वाटेल. रयतवारी पद्धतीत आपल्या दख्खनी शेतकऱ्यावरही असाच रोख आणि ठरावीक सारा होता. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच सुमाराला पुणे जिल्ह्यात साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. शेतकरी सावकाराच्या दाराशी गेला आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात कर्जखते जाळली गेली. जपानमध्येही असेच घडले. १८७६ च्या अखेरीस इबाराकी आणि मिए भागांतले शेतकरी उठले. फरक नंतर दिसतो. जानेवारी १८७७ मध्ये जपान सरकारने कर तीन टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणला. इकडे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सावकाराला आवर घातला, पण सारा तसाच राहिला. शिवाय आपल्या साऱ्यातला मोठा वाटा विलायतेतले पगार, निवृत्तिवेतने आणि व्याज यांवर बाहेर जात होता. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर त्याचा हिशेब मांडला. जपानी शेतकऱ्याची पिळवणूक कमी नव्हती, पण त्याचा पैसा त्याच्याच देशात फिरला.

तिजोरीला दुसरे मोठे भोक होते ते सामुराईंचे. हा वर्ग कुटुंबांसह लोकसंख्येच्या सहा-सात टक्के होता आणि त्यांच्या वंशपरंपरागत वेतनावर सरकारी खर्चाचा सुमारे तिसरा भाग जात होता. १८७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली, तेव्हा लढणे हा त्यांचा एकट्याचा हक्क उरला नाही. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी वेतने कायमची बंद करून त्यांच्या बदल्यात सरकारी रोखे देण्यात आले. नव्या सरकारला सत्तेवर आणणाऱ्याच वर्गाची पोटगी तोडायची, हे काम सोपे नव्हते. सात्सुमाचा साइगो ताकामोरी, जो १८६८ चा नायक होता, तो १८७७ मध्ये बंड करून उठला आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या नव्या सैन्याकडून हरला.

पण त्या रोख्यांचे पुढे काय झाले ते पाहा. बँकविषयक कायदा बदलून ते रोखे बँकेचे भांडवल म्हणून चालतील असे ठरवले. १८७९ पर्यंत देशात १५३ ‘राष्ट्रीय’ बँका निघाल्या होत्या आणि त्यांत सामुराई व संस्थानिकांचे रोखे गुंतले होते. पोटगीचा भार असा भांडवलात बदलला. त्यात पुष्कळ सामुराई देशोधडीला लागले, रोखे कवडीमोलाने विकून मोकळे झाले, हेही खरे. तरीही राजकीय निर्णयातून औद्योगिक भांडवल कसे तयार होते हे दाखवायला यापेक्षा नेमके उदाहरण मला माहीत नाही.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र सरकारला ठेचा लागल्या. १८७२ मध्ये गुन्मा भागात तोमिओका इथे फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रूना याच्या देखरेखीखाली ३०० घंगाळांची (कोष गरम पाण्यात ठेवून धागा काढायच्या भांड्यांची) रेशीमगिरणी उभी केली. परके लोक मुलींचे रक्त पितात अशी अफवा पसरली होती (ते पीत होते तांबडी दारू!), म्हणून गिरणीच्या प्रमुखाने आधी स्वतःच्या मुलीला कामावर आणले. आदर्श म्हणून गिरणी उत्तम होती. तिथे शिकलेल्या मुली गावोगावी कला घेऊन गेल्या. धंदा म्हणून ती तोट्याची ठरली आणि १८९३ मध्ये मित्सुई घराण्याला विकली गेली. सरकारने विलायतेहून दोन-दोन हजार चात्यांचे यंत्रसंच आणून ज्या सूतगिरण्या उभ्या केल्या-करवल्या, त्या फार लहान होत्या आणि पाण्याच्या जोरावर चालत, त्याही रखडल्या. अर्थमंत्री मात्सुकाता मासायोशी याने १८८१ पासून खर्च आवळला, १८८२ मध्ये बँक ऑफ जपान काढली आणि खाणी, गोद्या, गिरण्या खासगी घराण्यांना विकायला काढल्या. नागासाकीची गोदी मित्सुबिशीकडे गेली, मिइकेची कोळसाखाण मित्सुईकडे. याची किंमतही शेतकऱ्यानेच मोजली. तांदळाचा भाव तीन-चार वर्षांत निम्म्यावर आला, कर तेवढाच राहिला, जमिनी गहाण पडल्या आणि १८८४ मध्ये चिचिबूच्या डोंगराळ भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांचे बंड झाले. ते सैन्य पाठवून मोडले.

खऱ्या अर्थाने चाललेली पहिली मोठी गिरणी खासगी होती. शिबुसावा एइइची या उद्योजकाने माजी संस्थानिक आणि व्यापारी यांचे पैसे गोळा करून ओसाका सूतगिरणी काढली. १८८३ मध्ये ती १०,५०० चात्यांनी आणि वाफेच्या इंजिनावर सुरू झाली. तिचा तंत्रज्ञ यामानोबे ताकेओ इंग्लंडच्या कापडउद्योगाचे केंद्र असलेल्या लँकेशायरमधल्या गिरणीत प्रत्यक्ष काम करून शिकून आला होता. १८८६ मध्ये तिथे विजेचे दिवे लागले आणि गिरणी रात्रंदिवस चालू लागली. त्यानंतर जपानी गिरण्यांनी सूत कातायच्या जुन्या ‘म्यूल’ यंत्रांऐवजी नवी ‘रिंग’ यंत्रे घेतली. ती चालवायला मुली पुरत, आणि आखूड धाग्याचा स्वस्त हिंदी कापूस थोड्या लांब धाग्याच्या कापसात मिसळून त्यांवर चांगले सूत निघे.

इथे मुंबईची गोष्ट थेट जपानच्या गोष्टीला येऊन मिळते, आणि १८९३ ते १८९६ ही वर्षे मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर दोन रकाने करून लिहून दाखवत असे.

१८८० च्या दशकात मुंबईचे सूत जपानमध्ये खपत होते आणि चीनमध्ये तर त्याहून कितीतरी अधिक. जपानी गिरण्यांना कापूस हवा होता, पण मुंबईहून मालवाहतुकीचा दर परदेशी जहाज कंपन्यांच्या मुठीत होता. १८९३ मध्ये जपानी गिरणीवाल्यांचा संघ, निप्पॉन यूसेन ही जहाज कंपनी आणि जमशेटजी टाटा यांनी मिळून मुंबई-कोबे अशी स्वतंत्र जहाजसेवा सुरू केली. जुन्या कंपन्यांनी दर पाडून ती मारण्याचा प्रयत्न केला. पण जपानी गिरणीवाले संघ म्हणून एकत्र राहिले, आपल्याच जहाजांतून माल आणण्याच्या करारावर ठाम राहिले आणि सेवा तगली. १८९४ मध्ये जपान सरकारने सुताच्या निर्यातीवरचा कर काढला, १८९६ मध्ये कापसाच्या आयातीवरची जकात काढली. बाहेरच्या तयार मालावर जबर जकात बसवायला तहाची आडकाठी होती, म्हणून हातात जेवढे होते तेवढे त्यांनी आपल्या गिरण्यांसाठी वापरले. १८९० मध्ये देशातले सूत-उत्पादन आयातीपेक्षा जास्त झाले होते. १८९७ मध्ये निर्यात आयातीच्या पुढे गेली.

आता दुसरा रकाना. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे रुपयाचा भाव चांदीपासून तोडून वर ठेवला. सरकारला लंडनला पौंडांत पैसे पाठवायचे होते. रुपया घसरला की तो भार वाढे. पण चीनचा सारा व्यवहार चांदीत होता, त्यामुळे मुंबईचे सूत चिनी गिऱ्हाइकाला महाग पडू लागले. जपान मात्र १८९७ पर्यंत चांदीच्याच नाण्यावर राहिला आणि १८९४-९५ च्या युद्धात हरलेल्या चीनकडून मिळालेली खंडणी हातात आल्यावर, स्वतःला सोयीची वेळ साधून, सोन्याकडे वळला. आणि १८९६! ज्या वर्षी जपानने आपल्या गिरण्यांचा कापूस करमुक्त केला, त्याच वर्षी हिंदुस्थानात लँकेशायरच्या दबावाखाली विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि देशी गिरणीच्या कापडावर तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, म्हणजे मुंबईच्या गिरणीला लँकेशायरपेक्षा तसूभरही फायदा राहू नये. त्याच वर्षी मुंबईत प्लेगही आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चीनची बाजारपेठ मुंबईच्या हातून जपानकडे सरकली. यंत्रे तशीच होती, कापूसही आपलाच होता. निर्णय घेणारे तेवढे वेगळे होते.

न्यायमूर्ती रानड्यांनी हे वेळीच ओळखले होते. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू पडत नाहीत आणि उद्योग वाढवण्यात सरकारने भाग घेतला पाहिजे. विचारात आपण मागे नव्हतो. तो अमलात आणणारे सरकार आपले नव्हते.

जपानच्या यशात सगळे श्रेय राज्यकर्त्यांचे नाही, हेही सांगायला हवे. तोकुगावा काळातच मंदिरशाळांतून पुष्कळ मुले लिहायला-वाचायला शिकत होती आणि ओसाकात तांदळाचे वायदे चालत होते. फ्रान्स-इटलीत रेशीमकिड्यांवर रोग पडल्याने जपानी रेशमाला आयते गिऱ्हाईक मिळाले. पेरी गेल्यावर काही वर्षांत अमेरिका स्वतःच्याच यादवीत गुंतली. नशिबाचा हा वाटा माझे काही सहकारी कमी लेखत. मी तसे करणार नाही.

आणि ‘बलवान’ या शब्दाचा अर्थ कोणासाठी काय होता हेही प्रश्नकर्त्याने विचारात घ्यावे. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत पंधरा येन थेट कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा एकाच्या आसपास. गिरण्यांत काम करणाऱ्या खेड्यांतल्या मुली कुंपणाच्या आतल्या वसतिगृहात राहत, बारा-बारा तासांच्या पाळ्या करत आणि कित्येक क्षय घेऊन गावी परतत. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने बायकांच्या रात्रपाळीवर निर्बंध आले. जपानमध्ये कारखाना कायदा झाला १९११ मध्ये, लागू झाला १९१६ मध्ये आणि मुलींची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ उजाडले. स्वदेशी सरकार आपल्याच मुलींना असे राबवू शकते, हे सांगितल्याशिवाय मी हा धडा कधी संपवला नाही. देशाबाहेर तैवान १८९५ मध्ये आणि कोरिया १९१० मध्ये जपानच्या ताब्यात गेले. ज्या देशाने असमान तहांचा अपमान सोसला होता, त्यानेच १८७६ मध्ये कोरियावर तसाच तह लादला होता.

स्वतः जपानला जकातीचा पूर्ण अधिकार १९११ मध्ये परत मिळाला. आपल्याकडचा तो अबकारी कर १९२५ पर्यंत चालू होता. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश सोडून इतर परदेशी कापडावर ७५ टक्के जकात लावली तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापूस घेणेच थांबवले. चाळीस वर्षांपूर्वी मुंबई-कोबे जहाजांसाठी जे एकत्र आले होते, त्यांचाच तो संघ. पुढच्या वर्षी करार झाला: जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस घ्यावा आणि ४० कोटी वार कापड विकावे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कापसाला गिऱ्हाईक असेल की नाही हे त्या बोलण्यांत ठरत होते, आणि आपल्या बाजूने वाटाघाटी करत होते ब्रिटिश राजवटीचे प्रतिनिधी.